गोदरेजची वाटणी: जमीन एकाकडे, नाव दोघांकडे

30 एप्रिल 2024 रोजी गोदरेज कुटुंबाने एक संयुक्त निवेदन काढलं आणि 127 वर्षांच्या उद्योगाचे दोन भाग झाले. बुर्जोर गोदरेज यांचे मुलगे आदि आणि नादिर यांच्याकडे गोदरेज इंडस्ट्रीज, गोदरेज कन्झ्युमर, गोदरेज प्रॉपर्टीज, गोदरेज अ‍ॅग्रोवेट आणि अ‍ॅस्टेक लाइफसायन्सेस या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आल्या. बुर्जोर यांचे भाऊ नवल गोदरेज यांची मुलं, म्हणजे जमशेद आणि त्यांची बहीण स्मिता कृष्णा यांच्याकडे गोदरेज अँड बॉयस आली. बाजारात नसलेली ही कंपनी कुलुपं-तिजोऱ्यांपासून रॉकेटच्या इंजिनाच्या भागांपर्यंत सगळं बनवते. आणि तिच्यासोबत विक्रोळीची जमीन आली. ही जमीन सुमारे 3,400 एकर आहे, तीही मुंबईत.

आपल्याकडे कारखानदारांच्या घरातली वाटणी म्हटलं की डोळ्यांपुढे वकील येतात. अंबानी बंधूंची वाटणी 2005 मध्ये आईच्या मध्यस्थीने झाली, तरी गॅसच्या दराचं भांडण 2010 पर्यंत सर्वोच्च न्यायालयात चाललं. किर्लोस्कर घराण्याने 2009 मध्ये कौटुंबिक करारनामा केला. त्याच करारनाम्याच्या अर्थावरून पुढे कोर्टकज्जे उभे राहिले आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मध्यस्थीचा मार्ग सुचवावा लागला. गोदरेजांमध्ये मतभेद आहेत अशा बातम्या 2019 पासून येत होत्या, पण पुढची पाच वर्षं वाटाघाटी बंद दाराआड झाल्या आणि बाहेर आला तो थेट निकाल.

याचं श्रेय सगळे 'पारशी सभ्यते'ला देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. सभ्य माणसंही जमिनीवरून भांडतात. या घरात तीन गोष्टी फार आधी, कुणी वाटणीचा विचारही करत नव्हतं तेव्हा, ठरून गेल्या होत्या: कोण काय चालवतो, कुणाची मालकी किती, आणि कशाला हात लावायचा नाही. वाटणी जमली ती या तिसऱ्या गोष्टीमुळे, आणि ती इतकी रखडली तीसुद्धा तिच्याचमुळे.

मूळ पुरुष, ज्याला मूलबाळ नव्हतं

अर्देशिर गोदरेज वकील होते. वकिली जमली नाही, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा पहिला धंदाही बसला. 1897 मध्ये त्यांनी लालबागला कुलुपांचा कारखाना काढला. भांडवल मेरवानजी कामा यांच्याकडून उसनं घेतलेलं. कंपनीच्या नावातला 'बॉयस' हा एक भागीदार. तो लवकरच बाहेर पडला, नाव मात्र आजतागायत राहिलं. तिजोऱ्या आल्या, मग वनस्पती तेलापासून केलेला साबण आला. त्या काळी साबणात प्राण्यांची चरबी असायची, त्यामुळे स्वदेशीच्या दिवसांत या साबणाचं महत्त्व केवळ धंद्यापुरतं नव्हतं. 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडाला अर्देशिर यांनी 3 लाख रुपये दिले. त्या वेळच्या 3 लाखांचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

पत्नी तरुणपणीच वारली. अर्देशिर यांनी दुसरं लग्न केलं नाही, मूल नव्हतं. धंदा धाकट्या भावाच्या, पिरोजशा यांच्या हाती सोपवून ते नाशिकला शेती करायला निघून गेले. 1936 मध्ये त्यांचं निधन झालं.

घराण्यांच्या इतिहासात हा भाग सहसा दोन ओळींत उरकतात. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दोन भावांनी उभा केलेला धंदा पुढच्या पिढीत एकाच भावाच्या मुलांकडे गेला. दुसरी पाती फुटलीच नाही. जी चुलत भावंडांची भांडणं बाकीच्या घराण्यांत दुसऱ्या पिढीत उभी राहतात, ती इथे थेट तिसऱ्या पिढीपर्यंत लांबली. अर्देशिर यांना चार मुलं असती तर विक्रोळीची गोष्ट वेगळी झाली असती, आणि कदाचित बरीच आधी संपली असती.

तीन भाऊ आणि एक बहीण

पिरोजशा यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रोळीची जमीन घ्यायला सुरुवात केली. ती मुंबई उच्च न्यायालयाच्या रिसीव्हरमार्फत लिलावात आली होती. मुळात 1830 च्या दशकात फ्रामजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याने ती ईस्ट इंडिया कंपनीकडून मिळवली होती. तेव्हा विक्रोळी म्हणजे खाजण, गवत आणि मच्छर. लालबागचा कारखाना इतक्या लांब न्यायची कल्पना अनेकांना खुळचट वाटली असणार. हळूहळू तिथे कारखाने, कामगारांची पिरोजशानगर वसाहत, 1955 मध्ये उदयाचल शाळा, रुग्णालय असं गावच उभं राहिलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्या इथेच बनल्या. पुढे पहिला भारतीय टाइपरायटर आला. स्टीलच्या कपाटाचं तर काय सांगावं. मराठी घरात कुठल्याही कंपनीचं लोखंडी कपाट असलं तरी त्याला 'गोदरेज'च म्हणतात.

1972 मध्ये पिरोजशा वारले तेव्हा पुढच्या पिढीत कामं वाटली गेली होती. थोरले सोराब अध्यक्ष होते. ते घराण्याचा चेहरा, पर्यावरणप्रेमी आणि अविवाहित. बुर्जोर साबण आणि रसायनांकडे होते. 1952 मधला सिंथॉल हा त्याच बाजूचा. नवल कारखान्याचे, यंत्रांचे, विक्रोळीचे. बहीण डोसा नवरोजी घराण्यात दिली होती आणि तिचे यजमान गोदरेज अँड बॉयसमध्येच काम करत होते.

या वाटपाला कुणी नाव दिलं नसेल, पण 2024 ची रेघ इथेच ओढली गेली होती. बुर्जोर यांच्याकडचा साबण आणि नवल यांच्याकडचं पोलाद यांची कंपन्यांतही फाळणी होतीच: गोदरेज सोप्स 1928 ची, गोदरेज अँड बॉयस 1932 ची. आदि 1963 मध्ये अमेरिकेतून एमआयटीचं शिक्षण घेऊन आले ते वडिलांच्या बाजूला. जमशेद आले ते आपल्या वडिलांच्या बाजूला. 2000 मध्ये सोराब गेले आणि दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा वडीलधारा उरला नाही. 2001 मध्ये गोदरेज सोप्समधून ग्राहकोपयोगी वस्तूंचा धंदा वेगळा काढून गोदरेज कन्झ्युमर झाली, उरलेली कंपनी गोदरेज इंडस्ट्रीज झाली. ही कामं आदि-नादिर यांच्या बाजूने चालत होती.

मालकी मात्र सगळीकडे मिसळलेली होती. आदि, नादिर, जमशेद, स्मिता आणि डोसाबाईंचा मुलगा रिशाद नवरोजी अशा पाच शाखांचे हिस्से दोन्ही बाजूंच्या कंपन्यांत होते. जमशेद हे आदि यांच्याकडच्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर, आदि-नादिर हे गोदरेज अँड बॉयसच्या. चालवायचं वेगळं, मालकी एकत्र. घरात विश्वास आहे तोवर ही व्यवस्था उत्तम, कारण साबणाचं वर्ष वाईट गेलं तर कुलूप-फर्निचर सांभाळून घेतं. कुणाला वेगळं व्हायचं असेल तर मात्र तीच व्यवस्था अडवून धरते, कारण प्रत्येकाचा पैसा दुसऱ्याच्या निर्णयात अडकलेला असतो.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगायला हवी, जी आपल्या वाचकांच्या पटकन लक्षात येत नाही. पारशी कुटुंबाला हिंदू एकत्र कुटुंबाचा कायदा लागू नाही. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मत:च हक्क निर्माण होतो. कर्ता, सहदायाद, हिस्सेदारी हे सगळं रक्तातूनच येतं. पारशांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचं, आणि मृत्युपत्राने तो ते कुणालाही देऊ शकतो. मृत्युपत्र नसेल तर 1991 पर्यंत वडिलांच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो समान झाला. गोदरेजांच्या मालकीच्या नकाशात मात्र डोसाबाईंची शाखा आणि स्मिता यांची शाखा ठळक दिसतात. लेकींच्या शाखांना साडीचोळी देऊन वाटेला लावलेलं नाही. पुढच्या पिढीत गोदरेज कन्झ्युमरच्या अध्यक्षपदी आदि यांच्या कन्या निसाबा आल्या आणि गोदरेज अँड बॉयसच्या कार्यकारी संचालकपदी स्मिता यांच्या कन्या न्यारिका होळकर आल्या, ते यामुळेच स्वाभाविक वाटतं. (न्यारिका या इंदूरच्या होळकर घराण्याच्या सून, एवढी मराठी नोंद जाता जाता.)

दानधर्म, की कुंपण?

गोदरेज अँड बॉयसचे सुमारे 23 टक्के शेअर पिरोजशा गोदरेज फाउंडेशनकडे आहेत. म्हणजे कंपनी लाभांश देते तेव्हा जवळपास पाव हिस्सा कुणा गोदरेजच्या खिशात न जाता शिक्षण, आरोग्य, पर्यावरण यांसाठी जातो. कुटुंबाच्या प्रत्येक माहितीपत्रकात हे अभिमानाने लिहिलेलं असतं, आणि लिहायलाच हवं.

पण अशी रचना फक्त दातृत्वातून येत नाही. भारतात 1953 ते 1985 या काळात मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर कर होता, एस्टेट ड्यूटी. त्याचा कमाल दर 85 टक्क्यांपर्यंत गेला होता. तीन दशकं जुन्या उद्योगघराण्यांच्या सल्लागारांना हीच काळजी होती: मालक गेला की कर भरायला शेअर विकावे लागतील आणि कंपनी हातची जाईल. ट्रस्टला दिलेला शेअर मरत नाही. त्याला वारस लागत नाही, तो विकला जात नाही आणि रुसून दुसऱ्या गटात जात नाही.

आज एखाद्या नव्या उद्योजकाने ही रचना जशीच्या तशी उचलायची म्हटली तर ती जमणार नाही. करमाफी घेणाऱ्या धर्मादाय ट्रस्टने कंपन्यांचे शेअर ठेवायला प्राप्तिकर कायद्याने आडकाठी केली. सूट मुख्यत: 1 जून 1973 रोजी मूळ निधीचा भाग असलेल्या मालमत्तेला दिली. ज्यांनी त्याआधी केलं त्यांचं साधलं. नंतरच्यांना करमाफी सोडावी लागते किंवा वेगळे आडमार्ग शोधावे लागतात. त्यामुळे 'टाटा-गोदरेजांसारखं करा' असा सल्ला व्यासपीठावरून देणं सोपं असतं, सीएच्या टेबलावर नाही.

ट्रस्टकडे मोठा हिस्सा गेला की भांडणाची जागाही बदलते. शेअरऐवजी विश्वस्ताच्या खुर्चीला किंमत येते. टाटा सन्सचे सुमारे 66 टक्के शेअर ट्रस्टांकडे आहेत. 24 ऑक्टोबर 2016 रोजी सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केलं गेलं तेव्हा ट्रस्टांच्या मताचं वजन अख्ख्या देशाने पाहिलं. गोदरेजांकडे ट्रस्टचा वाटा पाव हिश्शाच्या आसपास असल्याने तो एकट्याने कुणाला खाली खेचू शकत नव्हता. पण ज्या शाखेच्या बाजूने तो उभा राहील तिचं पारडं जड, हे सगळ्यांना कळत होतं.

तिवरांच्या मागची जमीन

ऐरोली पुलाकडून मुंबईत येताना डाव्या हाताला ठाण्याच्या खाडीलगत तिवरांचं रान दिसतं. ओहोटीच्या वेळी चिखलातून पेन्सिलीएवढी श्वसनमुळं हजारोंनी वर आलेली असतात, मध्ये बगळे. मागे विक्रोळीच्या इमारती. मुंबईसारख्या शहरात इतकी जागा बिल्डरच्या फलकाविना कशी उरली, असा प्रश्न नव्या माणसाला पडतोच.

3,400 एकरांपैकी सुमारे 1,750 एकर कांदळवन, सुमारे 300 एकरांवर अतिक्रमण आणि सुमारे 1,000 एकर बांधता येण्याजोगी जमीन, असे आकडे वर्षानुवर्षं छापून येत आहेत. कांदळवनाची निगा सूनाबाई पिरोजशा गोदरेज फाउंडेशन ठेवतं. सोराब यांनी हा विषय लावून धरला, तेव्हा 'पर्यावरण' हा शब्द कंपन्यांच्या अहवालात यायचा होता. नवल यांच्या नावाने 1992 मध्ये सातारा जिल्ह्यात शिरवळजवळच्या शिंदेवाडीला वनस्पती संशोधन केंद्र निघालं. पश्चिम घाटातल्या दुर्मीळ वनस्पतींची रोपं प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम तिथे चालतं. त्याची बातमी फारशी होत नाही, आणि या घराण्याच्या दानधर्मातलं मला सगळ्यांत आवडणारं काम तेच आहे.

थोडी सावधगिरी इथेही बरी. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये राज्यभर कांदळवन तोडायला आणि त्याच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम करायला मनाई केली. म्हणजे त्यानंतर ते 1,750 एकर राखणं हा केवळ कुटुंबाचा मोठेपणा राहिला नाही, कायद्याचं बंधनही झालं. त्याआधीची तीन-चार दशकं मात्र पूर्णपणे त्यांच्या पदरात घालायला हवीत. त्या काळात शहराच्या इतर किनाऱ्यांवर भराव टाकले जात होते.

खरा पेच उरलेल्या 1,000 एकरांचा होता. जमीन गोदरेज अँड बॉयसची, म्हणजे कारभार जमशेद यांचा. इमारती बांधणारी कंपनी गोदरेज प्रॉपर्टीज, म्हणजे कारभार आदि यांच्या बाजूचा. गोदरेज प्रॉपर्टीज विक्रोळीत विकासाचं काम बघायची आणि त्याबदल्यात मोबदला घ्यायची, असा करार होता. एका बाजूला शेअर बाजारातली कंपनी, जिला दर तिमाहीला नवे प्रकल्प दाखवावे लागतात. दुसऱ्या बाजूला खासगी कंपनी, जिला कसलीही घाई नाही. 2019 मध्ये वृत्तपत्रांत मतभेदांच्या बातम्या आल्या त्या याच मुद्द्यावर: जमीन किती वेगाने आणि किती प्रमाणात बांधायची.

दोन्ही बाजूंचं म्हणणं रास्त होतं. माझा कल जमशेद यांच्याकडे जरा जास्त आहे हे कबूल करतो, कारण मुंबईत न बांधलेली जमीन पुन्हा निर्माण करता येत नाही. पण आदि यांच्या शाखेच्या बाजूने पाहा: त्यांच्या पैशाचा मोठा भाग अशा मालमत्तेत अडकलेला होता, जिच्यावर त्यांचा निर्णय चालत नव्हता, जिच्यातून मिळणारं उत्पन्न तिच्या किमतीच्या मानाने नगण्य होतं, आणि त्यांच्या नातवंडांच्या वेळी तर निर्णय घ्यायला पाचऐवजी पंधरा जण बसले असते.

या काळात बाहेरच्या जगानेही जमिनीला धडक दिली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी विक्रोळीतली सुमारे 10 एकर जागा सरकारने घेतली, भरपाई 264 कोटी ठरली. कंपनी उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये याचिका फेटाळली गेली आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. घरात कुणी हात न लावलेली जमीन बाहेरून मागितली जाऊ शकते, हे त्यातून उघड झालं.

जमवलं कसं

सगळ्यांत आधी, कुणाचा धंदा कुणाला हवा होता असं झालंच नाही. आदि यांच्या घरातल्या कुणालाही फोर्कलिफ्ट आणि तिजोऱ्या चालवायच्या नव्हत्या. जमशेद यांना डास मारायच्या औषधात रस नव्हता. दोन मुलांना एकच कारखाना हवा असतो तिथे वाटणीचं गणित सुटत नाही. इथे पन्नास वर्षं ज्याने जे चालवलं ते त्याचं, हे तत्त्व आपोआप मान्य होतं. प्रश्न फक्त तोलाचा होता: जमिनीची किंमत धरून दोन्ही पारडी समान कशी करायची.

मग कागदपत्रांचा डोंगर. शेअर बाजारातल्या कंपनीचे शेअर प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मालकांनी, आपापसात फिरवले तर ओपन ऑफर काढायची, म्हणजे सर्वसामान्य भागधारकांचेही शेअर विकत घेण्याचा देकार द्यायची, सक्ती टळू शकते. त्यासाठी त्यांची नावं किमान तीन वर्षं बाजाराच्या नोंदीत प्रवर्तक म्हणून असावी लागतात. स्पर्धा आयोगासारख्या नियामकांची मंजुरी लागते. आणि करकायद्यात एक खोच आहे जी मोठ्या घराण्यांनाच काय, दोन दुकानं असलेल्या चुलत भावांनाही भोवते. नातेवाइकाकडून मिळालेल्या भेटीवर कर नाही. पण कायद्यातल्या नातेवाइकांच्या यादीत भाऊ आहे, बहीण आहे, काका-मामा आहेत, चुलत भाऊ नाही. आदि यांनी नादिर यांना शेअर दिले तर भेट. जमशेद यांनी आदि यांना दिले तर कर.

यावर जुना उपाय म्हणजे कौटुंबिक समझोता. 1976 मध्ये काळे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरातली शांतता राखण्यासाठी प्रामाणिकपणे केलेला समझोता न्यायालयांनी उचलून धरावा. तांत्रिक खुसपटं काढून तो मोडू नये. त्या आधारावर अशा वाटणीला 'हस्तांतरण' न मानण्याकडे निकालांचा कल राहिला आहे. पण मालमत्ता कंपनीच्या नावावर असली की अडचण येते, कारण कंपनी कुणाची बहीण-भाऊ नसते. म्हणून मोठ्या घराण्यांत शेवटी बरेच व्यवहार सरळ खरेदी-विक्रीने होतात, कर भरून. महाग पडतं, पण वीस वर्षांनी नोटीस येत नाही.

नावाचं काय? 'गोदरेज' दोघांनीही वापरायचं ठरलं. एका गटाचं नाव गोदरेज इंडस्ट्रीज समूह, दुसऱ्याचं गोदरेज एंटरप्रायझेस समूह. सहा वर्षं एकमेकांच्या क्षेत्रात उतरायचं नाही अशीही अट असल्याचं वृत्त आलं. आदि-नादिर गोदरेज अँड बॉयसच्या संचालक मंडळातून बाहेर पडले, जमशेद यांनी गोदरेज कन्झ्युमर आणि गोदरेज प्रॉपर्टीजच्या मंडळांचा राजीनामा दिला.

या सगळ्या व्यवहारातला सगळ्यांत कच्चा दुवा मला नावाचा वाटतो. फ्रीज एका गटाचा, साबण दुसऱ्या गटाचा, फ्लॅट दुसऱ्या गटाचा आणि त्याच्या दाराचं कुलूप पहिल्या गटाचं. ग्राहकाला हे कोण समजावणार? एका गटाच्या मालाची बदनामी झाली तर दुसऱ्याला ती फुकट भोगावी लागणार.

खुर्ची कधी सोडायची

संपत्तीच्या वाटणीपेक्षा अधिकाराचं हस्तांतरण हे या घरात कमी चर्चिलं गेलेलं, पण जास्त शिकण्यासारखं काम आहे. आदि गोदरेज यांनी जिवंतपणी, तब्येत बरी असताना, एकेक खुर्ची सोडली. 2017 मध्ये गोदरेज कन्झ्युमरचं अध्यक्षपद निसाबा यांना दिलं. त्याच वर्षी मुलगा पिरोजशा गोदरेज प्रॉपर्टीजचे कार्यकारी अध्यक्ष झाले. 2021 मध्ये गोदरेज इंडस्ट्रीजचं अध्यक्षपद सोडलं, तेही मुलांकडे न देता धाकटे भाऊ नादिर यांच्याकडे. नादिर यांच्यानंतर ऑगस्ट 2026 मध्ये पिरोजशा अध्यक्ष होतील, हे 2024 च्या निवेदनातच जाहीर करून टाकलं.

भावाला मध्ये घेण्याची ही चाल साधी दिसते, पण आपल्याकडच्या कित्येक घरांत इथेच ठिणगी पडते. थोरल्याचा मुलगा थेट बसला की धाकट्याच्या घराला वाटतं, आपण नोकर ठरलो. नादिर यांना त्यांचा काळ मिळाला आणि पुतण्याचं नाव त्यांच्याच कारकिर्दीत जाहीर झालं.

रोजचा कारभार बहुतेक ठिकाणी पगारी व्यवस्थापकांकडे राहिला. गोदरेज कन्झ्युमरमध्ये विवेक गंभीर, मधला काही काळ स्वत: निसाबा, मग 2021 पासून सुधीर सीतापती. अ‍ॅग्रोवेटमध्ये बलराम यादव यांनी दीड दशकाहून जास्त काळ सूत्रं सांभाळली. 2020 मध्ये गंभीर गेले तेव्हा निसाबा यांना स्वत: व्यवस्थापकीय संचालकाची खुर्ची घ्यावी लागली, याचा अर्थ ही पद्धत बिनचूक चालते असं नाही. पण घरातला माणूस अध्यक्ष आणि बाहेरचा माणूस कारभारी, ही वहिवाट बसली होती.

जमशेद यांच्या बाजूचं चित्र वेगळं आहे. तिथे एकच मोठी कंपनी, दोन भावंडांची घरं. 2024 च्या निवेदनाप्रमाणे जमशेद अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक, भाची न्यारिका कार्यकारी संचालक. शेअर बाजाराचा दबाव नाही. तसा बाहेरच्या भागधारकांचा चौकस डोळाही नाही. विक्रोळीचे ते 1,000 एकर आता या दोन घरांच्या सल्ल्याने चालतील. पाच शाखांचा वाद मिटला, दोन शाखांचा प्रश्न उरला. जमशेद यांची मुलं आणि स्मिता यांच्या मुली या पुन्हा मामे-आतेभावंडं आहेत, आणि जमिनीची किंमत मात्र त्यांच्या आईवडिलांच्या वेळेपेक्षा कितीतरी वाढलेली आहे.

सहा वर्षांची अट वृत्तांप्रमाणे असेल तर ती 2030 च्या आसपास संपेल. त्या वेळी पिरोजशा अध्यक्षपदावर चार वर्षं काढलेले असतील. गोदरेज प्रॉपर्टीजला मुंबईत जमीन तेव्हाही हवीच असेल. विक्रोळीत बांधायचं ठरलं तर गोदरेज अँड बॉयस ते काम स्वत: करेल, पूर्वीच्याच कंपनीला बोलावेल की तिसऱ्याला, हा प्रश्न कुठल्याही वाटणीपत्रात कायमचा सोडवता येणारा नव्हता. त्यांनीही तो कायमचा सोडवल्याचा दावा केलेला नाही.